गायनाचा तास कशासाठी?

वार्षिक परीक्षा जवळ येऊ लागली म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातील जो तास सर्वांच्या आधी बळी पडतो, तो गायनाचा होय. गणिताचा अभ्यासक्रम मागे राहिला आहे, इंग्रजीची उजळणी व्हावयाची आहे, तेव्हा 'गाण्याचा तास आम्हांस द्यावा' अशी मागणी येते आणि ती बहुधा मान्यही होते. त्याबद्दल पालकांची तक्रार सहसा कानी येत नाही. उलट गायनाच्या तासाचे मुळात प्रयोजनच काय, असा प्रश्न मात्र पुष्कळ पालक विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. मुलाला गवई करावयाचे नाही, मुलीला रंगभूमीवर पाठवावयाचे नाही. मग आठवड्यातील पाऊण तास या कामी का खर्ची घालावा? या प्रश्नाचे उत्तर दूरच्या ग्रंथांतून न शोधता शक्य तेवढे आपल्या खानदेशातूनच शोधण्याचा येथे विचार आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावयास पाहिजे. आपल्या पणज्या-आज्यांच्या काळी खेड्यांतील शाळांत गायनाचा स्वतंत्र तास क्वचितच असे, आणि मुलींच्या नशिबी तर बहुतकरून शाळाच नव्हती. तरीही त्या पिढीत मुळीच न गाणारे मनुष्य विरळा. पहाटे जात्यावर ओवी, दिवसा विहिरीवर मोटेचे गाणे, तिन्हीसांजा पाळण्यापाशी अंगाई, असा दिवसच गाण्यात गुंफलेला असे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत. श्रावणात कानबाईची स्थापना झाली की गाण्यांनी रात्र जागविली जाई. डफाच्या तालावर वही गाणारी मंडळी गावोगाव होती. अमळनेरात बोरी नदीच्या पात्रात वैशाखात श्रीसखाराम महाराजांची यात्रा भरते, आणि पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या दिंडीत जो चालतो तो अभंग म्हणतोच. त्याचा गळा गोड आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. धर्म ज्याचा त्याचा निराळा असेल. परंतु गाणे हे मोजक्या निवडक लोकांचे काम नसून सर्वांचे आहे, ही समजूत मात्र सर्वत्र एकच होती.

यांपैकी जात्यापाशी आपण थोडे थांबू. दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीने ओवीचा पहिला भाग म्हणावा, दुसरीने पुढचा उचलावा. वरच्या दगडाच्या फेऱ्यांनी लय बांधली जाई आणि श्वास कोठे घ्यावयाचा तेही तो दगडच ठरवी. ओवीची लांबी बोटांवर अक्षरे मोजून ठरलेली नसे, ती हाताच्या फेऱ्यांनी व छातीतील दमाने ठरे. म्हणून एखाद्या ओळीत चार अक्षरे अधिक पडली तर ती लगबगीने म्हटली जात, कमी पडली तर स्वर लांबविला जाई, पण चाल मोडत नसे. ज्या मुलीने लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून हे रोज ऐकले, तिला छंदाचे माप कोणी न शिकविता येत असे.

हे माप किती मोलाचे होते, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. जळगावाजवळच्या असोदे या गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, घरात वावरताना त्यांच्या मुखातून ओव्या निघत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव व सोपानदेवांचे मावसबंधू यांनी त्या जमतील तशा टिपून ठेविल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे देहावसान झाले. पुढे ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक बाहेर पडले. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचेच नाव आहे. ते २०१८ साली दिले गेले. या कथेचे कौतुक करताना आपण सहसा 'अडाणी असून एवढी कविता' असे उद्गारतो. मला हा उद्गार चुकीचा वाटतो. बहिणाबाई निरक्षर होत्या, अशिक्षित नव्हत्या. ओवीची चाल ही त्यांची शाळा होती. विचार त्यांचा स्वतःचा, दृष्टी त्यांची स्वतःची. परंतु त्या विचाराला उभे राहावयास जे मोजके, घट्ट व लक्षात राहणारे रूप लागते, ते त्यांस गाण्याने दिले. चाल कानात नसती तर त्यांचे शहाणपण बोलण्याच्या ओघात बोलले गेले असते आणि त्याच दिवशी हवेत विरले असते. किती बायकांचे असे विरले असेल, याचा हिशेब कोण देणार?

हा हिशेब काही अंशी मांडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत अमळनेरचेच एक शिक्षक होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व वसतिगृहही सांभाळीत. स्त्रियांच्या मुखी असलेल्या ओव्या गोळा करून त्यांनी त्या 'स्त्रीजीवन' या नावाने पुढे प्रसिद्ध केल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात हेमा राईरकर व गी प्वातव्हँ या दोघांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, आणि महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. मात्र ज्या काळात या ओव्या कागदावर येत होत्या, त्याच काळात त्या ओठांवरून उतरत होत्या. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. विहिरीवर पंप बसला, मोट गेली. या यंत्रांनी बायकांच्या व बैलांच्या मानेवरचे ओझे उतरविले हे खरे, आणि ते ओझे पुन्हा यावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कष्टांच्या पोटी जे गाणे वाढत होते त्याला दुसरे घर मिळाले नाही.

आणखी एक मोठा पालट झाला. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. तेव्हापासून ग्रामोफोन, मग रेडिओ, बोलपट, आणि आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल अशी साधने एकामागून एक आली. त्यांनी केलेला उपकार मोठा आहे. पूर्वी मोठ्या गवयाचे गाणे संस्थानिकांच्या किंवा धनिकांच्या बैठकीतच ऐकावयास मिळे. आज शेताच्या बांधावर बसलेल्या मुलास ते मिळते. पण ऐकणारे वाढले त्या मानाने गाणारे घटले. सर्वोत्तम गळा सर्वांच्या कानी पडू लागल्यावर आपला साधा गळा उघडण्याची सामान्य माणसास लाज वाटू लागली. पंगतीत वाढलेले सर्वांनी जेवावे, तसे पूर्वीचे गाणे होते. आताचे गाणे दुकानाच्या काचेआड मांडलेल्या मिठाईसारखे झाले आहे.

येथवर जे सांगितले त्यातूनच पालकांच्या प्रश्नाचे उत्तर निघते. गाणे शिकविणाऱ्या ज्या शाळा घरात, शेतात, वाटेवर होत्या, त्या एकेक करून बंद पडल्या आहेत. यास्तव ते काम शाळेने आपल्याकडे घेतले नाही तर ते कोणीही घेणार नाही. पूर्वी गायनाचा तास नव्हता, कारण त्याची गरज नव्हती.

परंतु तेवढ्याने भागणार नाही. गाण्याने मुलास काय मिळते, हेही सांगितले पाहिजे. जुन्या घरांत दिवा लागल्यावर मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी हे सारे एका ठराविक हेलात म्हटले जाई, आणि साठी उलटलेल्या माणसासही ते त्या हेलासकटच आठवे. कविता शिकविणारे जुने पंतोजी श्लोक, आर्या, साकी, दिंडी प्रत्येकीची चाल निराळी लावून म्हणवून घेत. पद्याच्या माथ्यावर त्याची चाल छापण्याची रीत मराठी पुस्तकांत पुष्कळ काळ होती. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथे दाविदाच्या स्तोत्रांची आठवण होईल. त्यांपैकी पुष्कळांच्या माथ्यावर मुख्य गवयासाठी सूचना लिहिलेली आहे, कोठे कोठे चालही सुचविलेली आहे. चालीवर म्हटलेले लक्षात राहते, हे एक; पण त्याहून महत्त्वाचे दुसरे. गाताना मुलास दीर्घ श्वास घेऊन तो जपून सोडावा लागतो, ऱ्हस्व-दीर्घ नेमके उच्चारावे लागतात, आणि स्वतः आवाज काढीत असतानाच शेजाऱ्याचा आवाज ऐकावा लागतो. ही तिसरी गोष्ट दुसऱ्या कोणत्या विषयात शिकविली जाते? चाळीस मुले एका लयीत गाऊ लागली म्हणजे त्यांतील कोणासही पुढे पळता येत नाही, मागे रेंगाळता येत नाही, आणि शेजारचा कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा, हे त्या वेळेपुरते कोणाच्या ध्यानी राहत नाही.

समाजाच्या जीवनात ही गोष्ट किती खोल जाते, याचे उदाहरण आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात आहे. आरंभीच्या काळात मिशनऱ्यांनी आपल्याकडील गीतांची भाषांतरे करून ती त्याच विलायती चालींवर बसविली. हेतू चांगला होता, श्रमही मोठे होते. परंतु इंग्रजी गीत शब्दातील आघातावर चालते आणि मराठी पद्य अक्षरांच्या लघुगुरूवर किंवा संख्येवर. यामुळे पुष्कळ गीतांत शब्दांची ओढाताण होई; ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर चेंगरले जाई. गाणाऱ्याची भक्ती खरी असे, पण ती परक्या अंगरख्यात अवघडलेली असे. अहमदनगरकडील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या मार्गाने देशी गाण्यास वाट मोकळी केली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ती वाट राजमार्ग केली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा भाव होता, आणि त्यांच्या गीतांत तो पूल दिसतो. त्यांनी अभंग, ओवी व पदे यांत उपासनेची गीते रचिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या संग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. जी म्हातारी विलायती चालीपुढे ओठ मिटून उभी राहत असे, ती अभंगाच्या चालीवर टाळी देऊन गाऊ लागली. सर्व मंडळीने आपल्या भाषेत गावे म्हणून जर्मनीत १५२४ साली मार्टिन ल्यूथरची गीते छापून निघाली होती. ज्या शिक्षकास गाता येत नाही तो आपल्या कामाचा नाही, असेही ल्यूथर म्हणे. तेच कार्य टिळकांनी मराठीत केले असे म्हणावयास हरकत नाही. १९०७ साली जळगावास जे कविसंमेलन भरले, त्यास टिळक आले होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलास 'बालकवी' हे नाव त्याच संमेलनात मिळाले, आणि पुढे टिळकांनी त्यास नगरला आपल्या घरी ठेवून घेतले.

या देवघेवीत आपणही काही दिले आहे. युरोपातून आलेली व ठिकठिकाणी मिशनच्या उपासनांतून लोकांस परिचित झालेली पेटी आज कीर्तनात, भजनी मंडळात, नाटकात सर्वत्र दिसते. ती इतकी आपली झाली की आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेविले तरी खेड्यातील भजन तिच्यावाचून थांबले नाही. ती मींड काढू शकत नाही हा तिचा दोष खरा, आणि जाणत्यांचा आक्षेप रास्त आहे. पण वर्गातील चाळीस मुलांस एक स्वर दाखविण्यास तिच्यासारखे सोयीचे साधन दुसरे नाही.

संगीताचे शिक्षण सर्वांस खुले झाले त्याचे श्रेय मुख्यतः दोन मराठी पुरुषांस आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने मंदावली, म्हणून त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास पाठविले. त्या काळी गवयाची विद्या वाखाणली जाई पण गवयास मान नसे, आणि कुलीन घरच्या मुलीने गाणे शिकणे तर लज्जास्पद मानले जाई. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, बंदिशींतील शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तीचे शब्द घातले, आणि संगीतास घराघरांत पाऊल ठेविता येईल असे रूप दिले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३१ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या परीक्षांस आजही गावोगावची मुलेमुली बसतात. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. हे वकील होते. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी उस्तादांकडील चिजा मिळविल्या व 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या. त्यांची लिपी सहावीतील मुलासही एका तासात समजते: अक्षराखाली आडवी रेघ असेल तर स्वर कोमल, मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ असेल तर तीव्र, खाली टिंब असेल तर मंद्र सप्तक, वर टिंब असेल तर तार. अर्थात लिपी वाचता आली म्हणजे गाणे आले असे नव्हे. पाककृती वाचून पोट भरत नाही. पण चीज विसरली जाण्याची भीती मात्र टळली.

या दोघांच्या कार्याचा लाभ आपण पुरतेपणी घेत नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. अनेक शाळांत गायनाचा तास म्हणजे स्नेहसंमेलनाची तालीम असा प्रकार झालेला आहे. दहा सुरेल मुले निवडावयाची, त्यांचे एक समूहगीत बसवावयाचे, आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवावयाच्या. प्रार्थनेच्या वेळी 'तू ओठ हलव, आवाज काढू नकोस' असे ज्या मुलास एकदा सांगितले जाते, ते मूल पुढे जन्मभर गात नाही. स्वर न लागणे हा बहुतेक मुलांच्या बाबतीत गळ्याचा दोष नसतो, तो न झालेल्या सरावाचा परिणाम असतो. वाचताना अडखळणाऱ्या मुलास आपण वाचन बंद कर असे सांगत नाही, अधिक वाचावयास लावितो. मग गाण्याच्याच बाबतीत उलटा न्याय का?

हंगेरी देशात झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) या संगीतकाराने याचे उत्तर कृतीने दिले. १९०५ पासून खेड्यापाड्यांत हिंडून त्याने शेतकऱ्यांची गाणी जमविली, त्याचा मित्र बार्तोक यानेही हेच काम केले, आणि शाळेतील मुलाने प्रथम आपल्या मातृभाषेतील लोकगीते गावी, मोठ्या संगीतकारांकडे त्यानंतर वळावे, असा त्याने आग्रह धरिला. १९५० साली केच्केमेत या गावी त्याच्या विचारांप्रमाणे चालणारी प्राथमिक शाळा निघाली. तीत गायन हा रोजचा विषय होता. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरच्या मुलाजवळही गळा असतो, हे त्याने ओळखले होते.

आपल्या वर्गांत अशी गाणी आणणारी मुले बसलेली आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवरून शिकावयास येणाऱ्या पावरा व भिल्ल मुलांनी होळीचा ढोल व पावरी ऐकलेली असते. अहिराणी बोलणाऱ्या घरांतील मुलींस आखाजीची गाणी येतात. शाळेत आल्यावर ती ही गाणी लपवितात. पुस्तकात नाही ते गावंढळ, अशी त्यांची समजूत झालेली असते, व ती समजूत कोणी करून दिली हे शिक्षकांनी आपल्याशी विचारावयास पाहिजे. बहिणाबाईंची बोली पाठ्यपुस्तकात आली म्हणजे आपण तिला रसाळ म्हणतो, आणि तीच बोली वर्गात मुलाच्या तोंडून आली म्हणजे शुद्धलेखनाचा विषय काढतो.

तेव्हा विद्यार्थी बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत आपणांस एक काम करावयाचे आहे. घरी, शेजारी किंवा आजोळी ज्या वृद्ध बायका-पुरुषांस जुनी गाणी येतात त्यांजकडे जाऊन बसावे. 'गाणे सांगा' म्हटल्याने त्या लाजतील, शब्द आठवणार नाहीत; म्हणून त्यांच्या हातात काही काम असेल अशी वेळ पाहावी, अथवा जाते घरात असेल तर मूठभर दाणे घालून ते फिरवावयास सांगावे. हात फिरू लागला की शब्द आपण होऊन येतात. गाणे वहीत उतरावे व मोबाईलवर आवाजही घ्यावा, पण तो घेण्यापूर्वी त्यांची परवानगी विचारावी. गाणे कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, एकटीने म्हणावयाचे की दोघींनी, आणि कोणते शब्द परत परत येतात, हे बाजूस लिहावे. एखादा शब्द समजला नाही तर त्याचा अर्थ गाणारीलाच विचारून तो समासात टिपावा, मात्र ओळीतील शब्द तसाच ठेवावा. अहिराणीचे पुस्तकी मराठी करू नये. सुट्टीनंतरच्या पहिल्या गायनाच्या तासाला ही वही आणावयाची आहे. त्या दिवशी पेटी बंद राहील, आणि ज्याने गाणे आणले असेल तो ते आधी म्हणेल व वर्ग त्याच्यामागून म्हणेल.